राखून ठेवलेला आवाज

फाइल उघडली आणि काहीच झालं नाही. पडद्यावर क्षणभर काहीतरी काळं चमकून गेलं आणि पुन्हा तेच नेहमीचं चित्र, कोपऱ्यात तेच घड्याळ. तिने आणखी एकदा टिचकी मारून पाहिली. मेल ताईची होती. ताईच्या मेलमध्ये असायचे तसे दोनच शब्द, ‘हे बघ’, आणि खाली जोडलेली एक फाइल. घशाचं ऑपरेशन झाल्यापासून ताई अशीच लिहायची. पाठवायची ते बहुतेक आईचं काहीतरी. आई खुर्चीत डुलक्या घेतेय, आई रेडिओवरच्या बाईला उलट उत्तरं देतेय, आई खिडकीकडे तोंड करून बसलीय, जणू बाहेरचं तिला दिसतंय. आयुष्यभर तोंड चालवलेल्या बाईने आता बोटं चालवायची म्हणजे शिक्षाच आहे, असं तिने सुरुवातीला एकदा सविस्तर लिहिलं होतं. त्यानंतर फक्त ‘हे बघ’. तेव्हा फाइल उघडली नाही म्हणून तिला विशेष वाटलं नाही. ताईने काहीतरी अर्धवट पाठवलं असेल, घाई तिच्या पाचवीलाच पुजलेली. तिने कप उचलला, चहा निवला होता, आणि तेवढ्यात टेबलाखालचं यंत्र धापा टाकायला लागलं. एरवी ते अगदी शांत असायचं. ज्या खोलीत माणसांचे आवाज भरून घ्यायचे तिथलं यंत्र शांतच हवं, असा केंद्राच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंचा दंडक होता आणि त्यासाठी त्यांनी वरपर्यंत भांडून ते मिळवलं होतं. आता मात्र ते जिना चढून आलेल्या लठ्ठ माणसासारखं फुसफुसत होतं. तिने आवाजांची पेटी उघडली, म्हणजे पडद्यावरची ती पिवळी पेटी, आणि पाहिलं तर आतल्या फाइलींची नावं एकेक करून बदलत होती. प्रत्येक नावाला निरर्थक अक्षरांचं शेपूट लागत होतं. वरून खाली, सावकाश, एकही न वगळता. शाळेत हजेरी घ्यावी तशी.

तिने तार उपटली. पण ती उपटायला तिला भिंतीपर्यंत जावं लागलं, हे तिला नंतर आठवत राहिलं. भिंतीवर, त्या प्लगच्या बरोब्बर वर, सूचनेचा कागद चिकटवलेला होता. ओळखीच्या पत्त्यावरून पण अचानक आलेली फाइल उघडू नये, आधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारावं. हा कागद मुख्य कार्यालयाकडून आला त्या दिवशी सगळं केंद्र हसलं होतं. बाई सहसा हसत नसत, त्यासुद्धा चष्मा काढून हसल्या होत्या. “फोन करून ऐकायचं काय, श्वास?” त्या म्हणाल्या होत्या. इथे येणाऱ्या निम्म्या माणसांच्या घशातून स्वरयंत्र काढलेलं, उरलेल्यांचं काढायचं ठरलेलं. त्यांना बोलता येत नाही म्हणून तर ती माणसं लिहायची, फाइली पाठवायची, आणि इथे कुणीही त्या न विचारता उघडायचं. तो इथला रिवाजच होता. मुक्या माणसाने काही पुढे केलं तर हातात घ्यायचं, कारण त्याला दुसऱ्यांदा सांगायला लावणं म्हणजे क्रूरपणा. दुसऱ्या कुठल्याही कचेरीत ही चूक मूर्खपणाची ठरली असती. इथे तिला माणुसकी म्हणत.

कॉम्प्युटरवाला आला तोवर तिने तीन वेळा हात धुतले होते. तो तरुण, सभ्य माणूस होता, वाईट बातमी सांगायची सवय असलेल्यांचा जो एक मऊ स्वर असतो तो त्याला होता. त्याने यंत्र दुसऱ्या पद्धतीने चालू केलं, पडद्यावर पैसे मागणारा मजकूर वाचला, मान हलवली. “देऊनसुद्धा परत मिळतं असं नाही, मॅडम. बहुतेक मिळतच नाही.” मग तो टेबलाखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. “ही बाहेरची डिस्क कायम लावलेली असते?”

“नाही. नक्कल झाली की काढून कपाटात ठेवतो.”

“आज लावलेली होती.”

“हो,” ती म्हणाली. “आज होती.”

त्याने डिस्कची तार काढून टेबलावर ठेवली. आदल्या संध्याकाळी ती ताईचाच आवाज साफ करत बसली होती. ताईच्या वाक्यांतले खोकले, खुर्चीची कुरकुर, मध्येच हाणलेली शिवी, सगळं कापून काढलं, मग नक्कल लावली, आणि डिस्क सकाळी काढू म्हणून निघाली. निघाली ती खुशीत निघाली. एवढ्या महिन्यांनी एक काम मनासारखं झालं होतं. कॉम्प्युटरवाला सांगत होता की एका डिस्कमधून दुसरीत शिरायला व्हायरसला काही वेळ लागत नाही, जे जे जोडलेलं असेल ते ते तो धरतो. तिने विचारलं, “म्हणजे काहीच नाही?” आणि त्याने तिच्याकडे न बघता सांगितलं, “आवाज तिथेच आहेत मॅडम. पण कुलपात. किल्ली आपल्याकडे नाही.”

ज्यांच्या बोलक्या पाट्या तयार होऊन घरी गेल्या होत्या ते वाचले. पाटी म्हणजे हातात धरायचा छोटा पडदा, त्यावर शब्द उमटवले की ती त्याच माणसाच्या आवाजात बोलते. त्यासाठी ऑपरेशनच्या आधी माणसाला इथे, काचेच्या खोलीत, बसवून पुष्कळ वाक्यं वाचून घ्यायची. केंद्राने ठरवलेली वाक्यं निरर्थकच असतात, निळ्या फाटकाजवळ कुणीही उभं नाही, झाकण घट्ट लावलं की वाफ जात नाही. सगळे स्वर, सगळी व्यंजनं यायला हवीत म्हणून. माणसं ती भीत भीत वाचत. काचेच्या अलीकडे बसून, कानांवर हेडफोनचा पट्टा चढवून, ती त्यांची भीती ऐकत असे. भीती शब्दांत नसते, शब्दांच्या आधीच्या श्वासात असते, आणि तो श्वास कापून टाकणं हे तिचं काम होतं. शेवटी प्रत्येकाने आपापली ‘घरची वाक्यं’ आणायची. कुणी बायकोला मारायच्या हाका आणायचा, कुणी कुत्र्याला. एका सुताराने फक्त शिट्टी वाजवली होती. तो गेला, पाटी मिळायच्या आधीच गेला, आणि त्याची बायको अधूनमधून येऊन पट्टा कानाला लावून ती शिट्टी ऐकून जायची. सुताराची बायको आता येईल तेव्हा तिला काय सांगायचं, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो बाजूला सारला, कारण त्याच्या मागे ताई उभी होती.

ताई पोहायला शिकवायची. मोठ्या तलावावर, काठावरून, कमरेवर हात ठेवून. शिट्टी गळ्यात असायची पण वाजवायची गरज पडली नाही. ‘पाय! पाय मार! झोपलीस का?’ ही ताईची हाक पाण्यावरून जाऊन पलीकडच्या भिंतीला आपटून परत यायची. लहानपणी घरीही तेच. कुणी पाहुण्याने हिला, धाकटीला, विचारलं, कितवीत आहेस गं, की ही पायाच्या अंगठ्याने जमीन उकरेपर्यंत ताईचं उत्तर तयार. दुसरीत आहे, गणितात कच्ची आहे, आणि रात्री दिवा लागतो. मग आई आतून ओरडायची, “थोरले, तू गप्प बस. तिला बोलू दे.” ताई गप्प बसायची, ही बोलायची नाही, पाहुणा हसायचा. कितीतरी वर्षं तिचं सगळं बोलणं ताईनेच बोलून टाकलं होतं. आणि तिला त्यात सुखच होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मोठेपणी मात्र गंमत झाली. दोघींचा आवाज एकसारखा निघाला. फोनवर शेजारीपाजारी फसायचे. एकदा ताईला दांडी मारायची होती तेव्हा हिनेच तलावाच्या व्यवस्थापकाला ताई बनून ताप सांगितला होता, आणि त्याने ‘आवाजावरूनच कळतंय हो’ म्हणून सहानुभूती दाखवली होती. त्यावर दोघी पोट धरधरून हसल्या होत्या. आई फसली असती की नाही ते माहीत नाही. आईला फोन करायची वेळच यायची नाही, दोघी तिच्या डोळ्यांसमोरच असायच्या.

आता आईला डोळे नव्हते. काही वर्षांत ते हळूहळू विझले, आणि मग घरात आईचं चालणं फिरणं ताईच्या आवाजावर व्हायला लागलं. ‘आई, डावीकडे.’ ‘आई, पुढे पायरी आहे.’ ‘आई, कप गरम आहे, कानाला धर.’ आई त्या आवाजावर स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत अशी यायची की नव्या माणसाला ती आंधळी आहे हे कळू नये. मग ताईचा घसा बसला, तो उठलाच नाही. ऑपरेशन झालं. आता घरात एकीला दिसत नाही आणि दुसरीला बोलता येत नाही, म्हणजे एकीने लिहावं तर दुसरीने वाचायचं कसं. ताई आईच्या तळहातावर बोट टेकवायची, एकदा टेकवलं तर हो, दोनदा तर नाही. ‘तू आहेस ना?’ एवढंच आई विचारायची. आणि ताई हो म्हणायची. मधल्या पायरीवरून आई एकदा पडली. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ती खुर्चीतून उठेनाशीच झाली. कुणी हाताला धरून चालवलं तर ओझ्यासारखी चालायची. “मला ओढू नका,” म्हणायची, “मला सांगा.” ताईच्या घरच्या वाक्यांत म्हणून दुसरं काही नव्हतंच. डावीकडे, उजवीकडे, पायरी, गरम, मी आहे ना. काचेच्या खोलीत ताईने ती वाचली तेव्हा तिचा आवाज आधीच खरवडलेला होता. वाचून झाल्यावर ती काचेतून ओरडली होती, “नीट ठेव गं! वेंधळेपणा करू नकोस!” ते वाक्यसुद्धा तिने राखून ठेवलं होतं.

कॉम्प्युटरवाला जाताना म्हणाला, पाठवणाऱ्या बाईंना विचारा, त्यांनी काही उघडलं होतं का, त्यांच्या मेलमध्ये शिरल्याशिवाय हे असं येत नाही. तिने ताईला विचारलं. शक्य तितकं सहज, जणू दुसऱ्याच कुणाचं काम आहे. ताईचं उत्तर लगेच आलं, आणि ते ताईच्या मानाने लांब होतं. ‘हो. परवा तुमच्याकडूनच आलं होतं ना. तुमचे यंत्र तयार आहे म्हणून. उघडलं तर काहीच नाही. मला वाटलं पाटीच आली. आईलापण सांगून बसले, हातावर सतरांदा टेकवून. कधी देतेस मग?’

ते वाचून ती जिन्यात जाऊन बसली. पायऱ्या नुकत्या पुसल्या होत्या, ओल्या होत्या, कपडे भिजले तरी बसून राहिली. ही रोगराई खऱ्या आजारासारखी माणसांत शिरली असती तर निदान शिंका आल्या असत्या, ताप आला असता. हिने काही केलं नाही. हिने फक्त नेमकं जे हवं होतं त्याचं नाव घेतलं. ताईला पाटी हवी होती, तिला ताईचं ‘हे बघ’ हवं होतं, आणि दोघींनी टिचकी मारली. कुणी दूर बसलेला माणूस, ज्याला या दोघींपैकी एकही माहीत नाही, आंधळी आई माहीत नाही, मधली पायरी माहीत नाही. त्याचा तिला रागही येईना. राग यायला चेहरा लागतो. आणि ताईला खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझा आवाज गेला, आणि तूच घालवलास? एकदा डॉक्टरांनी कापून काढला तो गेला, आणि दुसऱ्यांदा तू आपल्या बोटाने? ती हे ताईला सांगू शकणार नव्हती. हे तिला जिन्यात बसल्या बसल्या अगदी लख्ख कळलं, आणि त्याच क्षणी तिला स्वतःचीच धास्ती वाटली.

बाईंनी तिला फैलावर घेतलं नाही. त्यांनी कपाळ चोळलं, ज्यांची ऑपरेशनं अजून व्हायची आहेत त्यांना परत बोलवा म्हणाल्या, मग तिच्या खांद्यावर हात ठेवला. “तुझ्या ताईला तयार आवाज घाल. वाईट नसतो. बरेच जण तोच वापरतात.” तयार आवाज म्हणजे कारखान्यातून आलेली एक बाई. स्पष्ट, गोड, कुणाचीच नसलेली. लिफ्टमध्ये मजला सांगते तीच. त्या बाईने आईला ‘पुढे पायरी आहे’ सांगायचं. आई विचारील, “या कोण?” तिने घरी जाऊन फोनमध्ये, जुन्या चित्रफितींत ताईचा आवाज शोधला. सगळीकडे ताई होती आणि कुठेही नव्हती. घरी ताई काढायची ते मुके फोटोच, आणि त्यांत बाकीचेच. तलावावरच्या फितींत नुसता घुमारा आणि पाण्याचा खळखळाट. एक निरोप तेवढा सापडला. “किल्ली शेजारी ठेवलीय. आणि येताना माझी छत्री आण, तुझी नको, तुझी गळते.” तो तिने इतक्या वेळा ऐकला की शेवटी त्याचा अर्थच उरला नाही, नुसता चढउतार राहिला. चढ ‘माझी’वर. ‘नको’वर दात. आणि वाक्याच्या आधी नाकातून एक छोटासा फुत्कार, जगावर नाराज असल्यासारखा.

रविवारी केंद्र बंद असतं. तिने किल्लीने दार उघडलं, नव्या यंत्रावर सगळं जुळवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा काचेच्या अलीकडे नाही, पलीकडे बसली. भिंतीवरच्या जाड स्पंजाने बाहेरचं जग पुसून टाकलं. तिला स्वतःची नाडी ऐकू यायला लागली. निळ्या फाटकाजवळ कुणीही उभं नाही, ती म्हणाली, आणि ते तिचंच होतं, अंगठ्याने जमीन उकरणारं. मग ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवले, पाय फाकवले, समोर पाणी आहे असं धरून चालली. नाकातून फुत्कार काढला. निळ्या फाटकाजवळ कुणीही उभं नाही! आता आवाज पोटातून आला. तो आला कसा, इतकी वर्षं कुठे होता, तिला कळेना. ती वाचत गेली. वाक्यामागून वाक्य, आणि मध्येच तिच्या ध्यानात आलं की तिला हे आवडतंय, तिची मान ताठ झालीय, तिला कुणाचीही भीती वाटत नाही. त्याची तिला किळस आली. तरी ती थांबली नाही. डावीकडे. उजवीकडे. कप गरम आहे. मी आहे ना. नंतर काचेच्या अलीकडे येऊन तिने पट्टा चढवला, आपलेच श्वास कापले, आपलीच भीती कापली, आणि उरलं ते ऐकलं. आत ताई बोलत होती. ती मोठ्याने रडली. लपवायचं कारण नव्हतं, इमारतीत कुणी नव्हतं.

एका गोष्टीचा तिला भरवसा होता. स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की माणसाला तो कधीच आपला वाटत नाही. पाटी हातात दिली की प्रत्येक जण मान हलवून लिहितो, ‘हा मी नाही.’ आणि ती प्रत्येकाला सांगते, सगळ्यांना असंच वाटतं, होईल सवय. ताई लिहील, तेव्हा ताईलाही तेच सांगायचं. एवढं पाठ करून ती दुपारी ताईच्या दाराशी उभी राहिली. ताईने दार उघडलं. गळ्याशी रुमाल, आणि रुमालामागून श्वासाची ती ओलसर शिटी. पाटी बघून ताईने तिचा गालगुच्चा घेतला, दुखेल इतका. आत आई खुर्चीत बसली होती, केस विंचरून, हात गुडघ्यांवर ठेवून, फोटो काढायला बसावं तशी. धाकटी आलीय हे तिला चपलांवरून कळलं. “आणलंस?” तिने विचारलं. “आणलं,” ती म्हणाली आणि भिंतीकडच्या स्टुलावर बसली. त्यानंतर ती एक शब्दही बोलली नाही.

ताईने पाटी मांडीवर घेतली, बोटं पुसली, थांबली. एवढ्या महिन्यांनी पहिलं काय बोलावं, हे तिला सुचत नसावं. मग तिने लिहिलं, आणि खोलीत पोटातून आलेला, भिंतीवर आपटेल असा आवाज म्हणाला, “आई, मी आहे.” ताई दचकली. पाटीकडे पाहिलं. ती लिहील, हा मी नाही, म्हणून धाकटीने तोंडात वाक्य तयार ठेवलं. पण ताईने तसं काही लिहिलं नाही. तिचे डोळे भरले, आणि तिने धाकटीकडे बघून मान डोलावली, दोनदा, तीनदा, लहान मुलीसारखी. हा मीच, असं तिचं तोंड सांगत होतं. ताईला पटला होता. ताईला आपला आवाज परत मिळाला होता, आणि त्या क्षणी धाकटीला वाटलं की आपण खोटं केलंच नाही. ताईने पाटी उचलली, आईच्या समोर, पायरीच्या पलीकडे, जाऊन उभी राहिली, पूर्वी राहायची तशी. भराभरा लिहिलं. “आई, ऊठ. सरळ ये. पुढे पायरी आहे.” आई उठली. खुर्चीचा हात सोडून खरंच उठून उभी राहिली. एक पाऊल टाकलं. पायरीच्या काठाशी ती थांबली, मान कलती केली, आणि ताईची बोटं पुन्हा चालली. “ये ना. मी आहे ना.”

आईचा पाय उचलला गेला नाही. तिने उजवा हात पुढे केला, तळहात वर, बोट टेकवायला करतात तसा, ताई उभी होती तिकडे अचूक. चेहरा मात्र तिने भिंतीकडच्या स्टुलाकडे वळवला.

“धाकटे,” आई म्हणाली, “तू गप्प बस. तिला बोलू दे.”